निरगाठ

मंगळवारी सकाळी त्याला फोन आला तेव्हा बायकोचा चहाचा कप अजून विसळायचा होता. ती विमानांच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होती. इंजिनाच्या पंख्याचं पातं लागून ती जागीच गेली होती.

बाराव्या दिवशी तो आबांकडे आला. आबा खाजगी तपास करत. शेजारी त्यांचे व्याही बसले होते.

"कंपनी म्हणते, चावी चालू ठेवून तिनं पंखा हातानं फिरवला. अहवालात लिहिलंय, 'स्वतःची चूक'. आबा, ती घरातला टेबलफॅनसुद्धा पिन काढल्याशिवाय पुसत नव्हती."

त्यानं पुडकं सोडलं. चष्मा. एप्रनच्या खिशातली विमानाची चावी. पात्यावरून कापून काढलेली पांढरी फीत, गाठ तशीच.

"निरगाठ," आबा म्हणाले.

वर्कशॉपमध्ये फोरमन आधी भेटला. "इंजिनाचे ठिणगी देणारे प्लग काढले की पात्याला फीत बांधतो. मग पंखा बिनधास्त फिरवा. आमची सगळ्यांची सुरगाठ. हात तेलकट, एका ओढीत सुटली पाहिजे. शनिवारी मी शेजारच्या विमानाला बांधली होती. आता दिसत नाही. या विमानाला मी हात लावलेला नाही."

वैमानिक म्हणाला, "विमान विकत घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला सोमवारी याच विमानातून फेरी दिली. अर्ध्या धावपट्टीतच उचललं, पण वर वेग धरेना. वारा असेल. उतरल्यावर चावी काढली तरी इंजिन चालूच. पेट्रोल तोडून थांबवलं. मालकांना सांगितलं."

मालक म्हणाले, "फेरी सोडली तर विमान जसंच्या तसं आहे. वाईट वाटतं, पण बाईंनी घाई केली."

आबांनी दोन्ही विमानांच्या पात्यांना कोनमापक लावून पाहिला.

"पंख्याला ताप आहे का?" व्याही पुटपुटले.

"आहे, व्याहीबुवा. बसवा सगळ्यांना."

सगळे पंख्यासमोरच बसले, बाईंचा नवराही.

"पंखा हवेत स्क्रूसारखा शिरतो," आबा म्हणाले. "पातं जास्त तिरपं असलं तर एका फेऱ्यात विमान लांब जातं, पण उचलायला जड. कमी तिरपं असलं तर पटकन उचलतं, वर मात्र वेग नाही. सोमवारी वारा नव्हता, पंखा बदललेला होता. शेजारच्या विमानाचा कमी तिरपा पंखा इथं आहे आणि इथला तिथं."

फोरमन उठून उभा राहिला.

"गिऱ्हाइकाला झटपट उड्डाण दाखवायचं म्हणून कुणीतरी पंखा बदलायला बाहेरचा माणूस आणला. फेरीसाठी फीत सोडली, नंतर पुन्हा बांधली. वर्कशॉपचा माणूस निरगाठ मारत नाही. वैमानिकाला पंखा बदलल्याचं माहीतच नव्हतं. उरलं कोण?"

"जिथं होती तिथंच परत बांधली," मालक हळूच म्हणाले. "मला वाटलं, फीत पंख्याची असते."

"इंजिनाची असते. चावी काढली की ठिणगी बंद पडायला हवी. तिची तार तुटलेली, म्हणून ठिणगी चालूच राहायची; वैमानिकानं सांगितल्यापासून तुम्हाला ते ठाऊक होतं. बाईंनी चावी काढून खिशात ठेवली, फीत पाहिली. त्यांना वाटलं, फोरमननं प्लग काढलेत. प्लग जागेवरच होते, हातानं पंखा फिरवताच इंजिन पेटलं."

नवऱ्यानं फीत घडी करून खिशात ठेवली.

मालकांनी जबाबावर सही केली. अहवालातलं 'स्वतःची चूक' अजून खोडलेलं नाही.