जोडीला मॅडम

मे महिन्यातली भर दुपार. सीताबर्डीत अशा उन्हात माणूस निघतो तो फक्त गरजेपोटी. सोनिका मेश्राम डोळे तेवढे उघडे ठेवून, बाकी सगळा चेहरा ओढणीत गुंडाळून एका दुकानात माईकवाला हेडफोन मागत होती. दुकानात तो एकच उरलेला, आणि तोही एका उंच, सावळ्या तरुणाच्या हातात! पण सोनिका थोडीच ऐकते? उद्या सकाळी माझा ऑनलाइन वर्ग आहे, मला शिकवायचंय, असं तिनं दुकानदाराला सुनावलं, आणि वर अशी घासाघीस केली की त्या बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. तरुणानं हसत हेडफोन तिच्यापुढे धरला.

"घ्या तुम्हीच. शिकवणाऱ्याले आधी पाहिजे."

बस्स, एवढंच. पण त्याचं ते हसू मनीषनगरच्या घरापर्यंत तिच्यासोबत आलं, आणि याचा तिला स्वतःचाच राग आला.

सोनिका शिक्षकांना डिजिटल साधनं शिकवायची. एकाच पानावर अनेकांनी मिळून कसं लिहायचं, ऑनलाइन वर्गात मुलांचे गट कसे पाडायचे, हे सगळं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पडद्यावर सतरा शिक्षक जमले, आणि त्यांत — अगं बाई — तोच! नागसेन गजभिये, रामटेकजवळच्या शाळेत विज्ञान शिकवणारा. बाकी सगळे बोलत होते, हा मात्र नुसता लिहीत होता. त्याच्या लॅपटॉपचा माईक बिघडलेला, आणि नवा घ्यायला गेला तो कोणी पळवला, हे सांगायला नको.

मग सोनिकानं जोड्या पाडायला सांगितलं. प्रत्येक जोडीला पडद्यावर आपली वेगळी खोली मिळते, आणि ठरलेली वेळ संपली की खोल्या आपोआप बंद होऊन सगळे मोठ्या वर्गात परत येतात. सतरातला एक उरणारच. न बोलणाऱ्याला जोडीला घेणार कोण? उरला नागसेन. त्याच्या जोडीला मॅडमनाच जावं लागलं.

दोघांच्या कोऱ्या पानावर अक्षरं उमटली. "काल चेहरा दिसला नव्हता. आवाज मात्र ओळखला."

सोनिकानं घाईघाईनं धड्याचा विषय काढला... पण कानशिलं तापायची ती तापलीच.

मग दर शनिवारी हेच. ती बोलायची, तो लिहायचा, आणि मधेच असं काही लिहून जायचा की मॅडमना धड्यात कुठवर आलो ते आठवेना. एकदा त्यानं लिहिलं, माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरी एकच मोबाइल असतो, तोही दिवसभर बापासोबत शेतात. म्हणून त्यानं असं पान तयार केलं, की ज्याच्या घरी जेव्हा मोबाइल येईल त्यानं तेव्हा आपल्या बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, धानाबद्दल लिहावं, आणि दुसऱ्यानं पुढे जोडावं. इतकी वर्षं शिकवूनही हे आपल्याला सुचलं नव्हतं, याचं सोनिकाला नवल वाटलं. आणि त्या दिवशी ती त्याच्यावर भाळली, उगाच आडपडदा कशाला ठेवायचा?

शेवटच्या वर्गाच्या आदल्या दिवशी आईनं अमरावतीचं स्थळ काढलं. मुलगा रविवारी पाहायला येणार होता.

"तुह्या मनात कोणी असन तर आताच सांग वं," आई म्हणाली. "मंग मले तोंडघशी पाडू नको."

पण सोनिका सांगणार तरी कोणाचं नाव? त्यानं मनातलं उघड असं काही म्हटलंच नव्हतं. शनिवारी तो बोलला तर बोलला, नाहीतर रविवारी अमरावतीवाल्यासमोर चहा घेऊन जायचं, असं तिनं ठरवून टाकलं.

शनिवारी ती जोडीच्या खोलीत आली तेव्हा पान कोरंच होतं. आणि एकदम आवाज आला, "मॅडम..."

नागसेनचा आवाज! माईक कधी घेतला, असं तिनं विचारलं.

"दुसऱ्याच आठवड्यात." तो अडखळला. "पण बोलाले लागलो असतो, तर कोणीतरी मले जोडीले घेतलं असतं. मंग तुम्ही आल्या नसत्या न."

हसावं की रडावं, सोनिकाला कळेना. "मंग आधी काहून नाही सांगितलं?"

"भेव वाटे. आता वर्गच संपून राहिला, मंग भेऊन काय करू? मले तुम्ही आवडता, सोनिका."

तिनं भडाभडा सगळं सांगितलं. अमरावती, रविवार, आई. आणि शेवटी एका दमात म्हणाली, "मलेही तुम्ही आवडता. उद्या सकाळीच या... त्यायच्या आधी. अन् आईशी बोला."

तेवढ्यात कोणीतरी खाकरलं. खोल्यांची वेळ केव्हाच संपली होती! वेळेकडे लक्ष ठेवा, असं साऱ्यांना बजावणारी मॅडम स्वतःच वेळ विसरली होती, आणि मोठ्या वर्गातले सोळा चेहरे गालात हसत होते. त्यांत सगळ्यात वडील भैय्याजी, निवृत्तीला टेकलेले मुख्याध्यापक.

"गजभिये सर," ते शांतपणे म्हणाले, "मुलाकडून कोणी वडीलधारं लागते. मी येतो उद्या."

"या न, भैय्याजी," नागसेन म्हणाला.

सोनिकाचा हात सवयीनं माईक बंद करायला गेला... आणि थांबला. सहा शनिवार तो तिच्यासाठी मुका राहिला होता, आता तिनं कशाला लपवायचं? स्वयंपाकघराकडे मान वळवून, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "आई वं, अमरावतीले फोन लाव, अन् येऊ नका म्हणून सांग."