वर बसायला जागा आहे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी मी ‘वाट खचली आहे’ एवढंच सांगून मोकळा होतो, आणि लोकही फार खोलात शिरत नाहीत. डोंगरावरचे ते अवशेष बघायचेच असतील तर तुम्हाला नेणारा दुसरा कुणीतरी भेटेल. आम्ही नेत नाही.

आम्ही म्हणजे मी आणि ताई. ताई माझी मोठी बहीण. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत टेबल, फोन आणि भिंतभर नकाशा. आतल्या खोलीत तंबू, दोर, स्टोव्ह, आणि कधीच पुरत्या न वाळणाऱ्या कापडाचा कुबट वास. लोकांना डोंगरात न्यायचं आणि धडधाकट परत आणायचं, हा आमचा धंदा. ऐकायला बरं वाटतं. पण कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला दूध चालत नाही आणि कुणाचं कुणाशी पटत नाही, हे सांभाळण्यातच निम्मा जीव जातो.

त्या वर्षी हंगाम संपता संपता आम्ही दोघंही पार पिळून निघालो होतो. थंडीत आई गेली. त्याआधी कितीतरी वर्षं ती अंथरुणाला खिळून होती, आणि तिचं सगळं ताईनं केलं. रात्री उठून आईची कूस बदलायची, सकाळी फोनवर गोड आवाजात बोलायचं. मी बहुतेक वेळ डोंगरात. आई गेल्यावर लोक म्हणाले, चला, आता हिला विसावा मिळेल. पण इतक्या वर्षांचा शीण असा चार दिवसांत उतरतो होय? ताई जेवतानाही अर्धवट उठून कान द्यायची. मग लक्षात यायचं, आता हाक मारणारं कुणी नाही.

अशात एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. शाळेतल्या जुन्या मैत्रिणींना घेऊन त्यांना अवशेष बघायचे होते. तीन दिवसांचा बेत. पहिल्या दिवशी जंगलातून पठारावर, दुसऱ्या दिवशी वर, तिसऱ्या दिवशी मागच्या अंगानं खाली. बाईंचा आवाज असा, की फोनवरसुद्धा माणसानं पाठ ताठ करावी.

“मुक्काम मला अवशेषांतच हवा,” त्या म्हणाल्या. “सूर्योदय तिथूनच बघायचाय. या वयात पुन्हा कोण चढतंय?”

आम्ही आजवर वर कधी राहिलो नव्हतो. माणसं न्यायची, त्यांना फोटो काढू द्यायचे आणि खाली पठारावर उतरायचं. म्हणून आधी आपणच जाऊन बघून यायचं ठरलं. आमच्या धंद्यात त्याला रेकी म्हणतात. तंबू कुठे लागतील, पाणी कुठे मिळेल, कुणाचा पाय मुरगळला तर कुठून उतरवायचं, हे सगळं डोळ्यांनी पाहून यायचं.

“आणि बायकांच्या सोयीचं काय?” ताई म्हणाली. “झुडपामागे जा म्हणून सांगणार का मुख्याध्यापिकांना? मी येते.”

इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच ‘येते’ म्हणत होती. मला नाही म्हणवेना.

गाईड होता शिडी. त्याला सगळे शिडीच म्हणतात. उंची अशी, की तंबूत झोपला की डोकं नाहीतर पाय, काहीतरी एक बाहेर. डोंगराच्या पायथ्याशी घर. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्याला मुलगी झाली होती आणि ती बापाला रात्रभर नाचवत होती. बिचारा आला तोच जांभया देत.

“मुक्काम? वर?” जांभई अर्धवट गिळून तो म्हणाला. “वर कुणी राहत नाही, दादा.”

“का?”

“काय माहीत. माझा काका लोकांना न्यायचा, तो दालनाशी कुणाला टेकूसुद्धा द्यायचा नाही. शिव्या घालत पुढे हाकायचा.”

“आणि तू कधी विचारलं नाहीस?”

“काकाला? एक विचारलं तर चार ऐकवायचा.”

पहिला दिवस जंगलातच गेला. दुसऱ्या दिवशी पठार सोडलं आणि चढ अंगावर आला. तो चढ वाईट आहे. एकदम उभा नाही, पण संपतच नाही. माथा आला म्हणावं तर त्याच्यामागे दुसरा माथा. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. ताईचा श्वास मला मागून ऐकू येत होता. एकदा मी विचारलं, “थांबायचं का?” तर म्हणाली, “थांबले तर उठायची नाही. चल तू.”

दुपार कलताना आम्ही वर पोचलो.

ते शहर कुणी वसवलं, कुणालाच सांगता येत नाही. पडक्या भिंती, गवतात बुडालेले चौथरे, कुठेच न जाणाऱ्या पायऱ्या. त्यात एकच इमारत अजून तग धरून आहे, ती म्हणजे ते दालन. लांबच लांब, छप्पर नसलेलं, दोन्ही टोकांना दारं. आतून दोन्ही भिंतींना लागून गुडघाभर उंचीचा दगडी ओटा. खाली जाताना वाटसरू तिथे दम खात असावेत, असं आम्हीच लोकांना सांगायचो.

शिडी पाणी बघायला खालच्या कुंडाकडे गेला. “मी येईपर्यंत बाहेरच थांबा,” तो जाता जाता म्हणाला. पण वारा बोचरा सुटला होता आणि दालनाच्या भिंती आडोशाला होत्या. आम्ही आत गेलो.

“हे बघ,” ताई ओट्यावरून हात फिरवत म्हणाली.

माझं इतक्या वेळा जाणं झालं, पण मी ते कधी नीट पाहिलं नव्हतं. जुन्या जिन्याची पायरी मधोमध झिजते ना, तसा तो दगड झिजला होता. माणूस बसेल एवढा खळगा, त्याला लागून दुसरा, त्याला लागून तिसरा. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये बोटभरही सपाट जागा नाही.

“केवढी गर्दी होत असेल रे इथे,” ताई म्हणाली. “तू कर तुझी मोजामोजी. मी दोन मिनिटं टेकते.”

मी दुसऱ्या टोकाला जाऊन तंबूंसाठी जागा मोजू लागलो. वाकलो होतो, त्यामुळे धुकं कधी आत आलं कळलं नाही. मान वर केली तेव्हा समोरची भिंत नव्हती. ताईही दिसत नव्हती. वारा पडला होता. आणि त्या शांततेत मला आवाज आले.

साधेच आवाज. उभा जन्म ऐकत आलोय मी ते. थकलेली माणसं मुक्कामाला पोचली की जे होतं तेच. पाठीवरचं ओझं धप्पकन जमिनीवर टेकतं, पट्टे सैल होतात, कुणी बुटांच्या नाड्या सोडतं, कुणी ‘हुश्श’ म्हणतं. मागोमाग वास आला. भिजलेली लोकर, घाम, दिवसभर बुटात कोंडलेले पाय. मला वाटलं, मागच्या वाटेनं दुसरा एखादा गट वर आला असेल.

“कोण आहे?” मी हाक दिली.

सगळं एकदम गप्प झालं. वर्गात मास्तर आल्यावर होतं तसं.

मग धुक्यातून कुणीतरी अगदी हलक्या, दमलेल्या आवाजात म्हणालं, “सरका जरा… तिला नीट बसू द्या.”

आणि ओट्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दगडाला कापड घासल्याचा आवाज सरसरत गेला. पुष्कळ माणसं एकाच वेळी थोडी थोडी सरकावीत तसा.

भिंतीचा अंदाज घेण्यासाठी मी ओट्यावर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला. दगड कोमट होता. आत्ताच कुणी उठून गेलेल्या जागेसारखा.

मी दालनाच्या मधून, हात अंगाशी धरून चालू लागलो. दोन्ही बाजूंना श्वास चालू होते. मी जवळ आलो की तिथला श्वास थांबायचा, पुढे गेलो की पुन्हा सुरू व्हायचा.

ताई होती तिथेच होती. पाठ भिंतीला पूर्ण टेकलेली, हात मांडीवर उघडे, आणि मान एका अंगाला कललेली, शेजारच्याच्या खांद्यावर ठेवावी तशी. शेजारी कुणी नव्हतं. पण मान हवेतच टेकली होती, हलत नव्हती.

“ताई… ऊठ.”

“बसू दे रे.” डोळे मिटलेलेच.

“धुकं वाढतंय. चल ना.”

“किती चांगली आहेत ही माणसं,” ती पुटपुटली. “इतक्या वर्षांत मला कुणी नुसतं ‘बस’ म्हटलं नव्हतं.”

मी तिचा हात धरून ओढला. हात उबदार होता, पण झोपलेल्या माणसाचा असतो तसा जड. दोनदा ओढलं, ती जागची हलली नाही. मग तिच्या पाठीमागून हात घालून उचलावं म्हणून मी तिच्या शेजारी बसलो.

तुम्हाला कसं सांगू. मी आयुष्यात इतका कधी बसलोच नव्हतो. तो खळगा माझ्याच मापाचा होता. गुडघ्यांतली ठणक, पाठीतली कळ, सगळं पाण्यासारखं खाली उतरून दगडात मुरत गेलं. ऑफिस आठवलं, न उचललेले फोन आठवले, मुख्याध्यापिका बाई आठवल्या, आणि वाटलं, राहू दे. कुणाचं काय अडतंय? आईच्या आजारपणात रात्री-अपरात्री घरी पोचायचो, दारात उभं राहून आतलं कण्हणं ऐकायचो आणि आत पाऊल टाकण्याआधी क्षणभर डोळे मिटायचो. तो क्षण आता संपणारच नव्हता. माझ्या खांद्याला कुणाचातरी खांदा लागला.

“घाई नाही…” कानाशी कुणीतरी म्हणालं. “आता कसलीच घाई नाही…”

मी डोळे मिटले.

आणि दाराकडून शिव्या आल्या. शिडी! त्या माणसाच्या तोंडून मी आजवर ‘अरेरे’च्या पलीकडे काही ऐकलं नव्हतं. पण आता तो आईबापापासून सात पिढ्यांपर्यंत एकाला सोडत नव्हता. मला घातल्या, ताईला घातल्या, त्या दगडांना घातल्या. आवाज रडवेला, पण थांबत नव्हता. आत मात्र त्यानं पाऊल टाकलं नाही.

ताई दचकली. “कोण रे हा मेला?” तिनं डोळे उघडले, आणि तेवढ्यात मी तिला धरून उठलो. उठताना अंगावरचं ओलं कापड सोलून काढावं तसं वाटलं. दारापर्यंतची ती चार पावलं मी कशी टाकली, मला आठवत नाही. आमच्या मागे एक लांब, थकलेला सुस्कारा ऐकू आला, एवढं आठवतं.

शिडीनं ताईचा एक हात आपल्या खांद्यावर घेतला आणि मला म्हणाला, “तुम्ही पुढे चला, दादा. मला दिसेल असे चाला.”

अंधार पडायच्या आत आम्ही पठारावर उतरलो. तंबूत शिरल्यावर ताई रडली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. मी बाहेर बसून ऐकत राहिलो. पोटभर रडली आणि मग झोपली.

परत आल्यावर मी बाईंना फोन केला. “वर मुक्काम जमणार नाही,” म्हटलं. “खरं तर वर जाणंच जमणार नाही.”

“मी घाबरणाऱ्यांतली नाही,” बाई म्हणाल्या.

“मी आहे,” म्हटलं. मग तळ्याकाठचा बेत ठरला. मजेत जाऊन आल्या सगळ्या, आणि आल्यावर चहा बेचव होता म्हणून तक्रारही केली.

तिथून पुढे ताई सुधारली. दुपारी तासभर पडू लागली. फोन वाजला तरी ‘वाजू दे’ म्हणू लागली. चेहऱ्यावर जरा रक्त आलं. एकदा तर सायकलवाल्याशी भांडून आली आणि वर येऊन खूप हसली. मला वाटलं, निभावलं आपण.

मध्यंतरी एका सकाळी शिडीचा फोन आला. ताईनं उचलला, दोन शब्द बोलली आणि माझ्यापुढे धरला. “तुझा आवाज ऐकायचाय म्हणे त्याला.”

“बोल रे,” मी म्हटलं.

पलीकडून त्याची लेक रडत होती.

“दादा,” तो हळूच म्हणाला, “त्या दिवशी तुम्ही माझ्याबरोबर उतरलात ना?”

“म्हणजे काय? तुझ्या पुढेच नव्हतो का?”

“पुढेच होतात… बायकोलाही मी तेच सांगतोय.”

“झालं काय पण?”

“काल आमचं खेचर सुटलं. शोधत शोधत वर गेलो. भर दुपार होती, लख्ख ऊन… धुकं नाही, काही नाही. दालनाच्या दारातून नुसतं आत डोकावलो. मी जवळ नाही गेलो, दादा. लांबूनच तुम्हाला हाक मारली.”

“मला?”

“हाक मारली तर तुम्ही डोळे नाही उघडलेत… पण थोडं बाजूला सरकलात. माझ्यासाठी जागा केलीत.”

मी फोन खाली ठेवला. ताई नकाशाशी उभी राहून माझ्याकडे बघत होती.

“काय म्हणतो?”

“खेचर हरवलंय त्याचं,” मी म्हटलं.

ती बघतच राहिली. मग म्हणाली, “हल्ली तू दमत कसा नाहीस रे?”