अंकुशचं रक्त

धानकापणीचे दिवस होते. भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेवर एक ट्रॅक्टर अचानक आडवा वळला आणि मागून भरधाव येणारा सायकलस्वार थेट रस्त्याकडेच्या धानाच्या तणसाच्या ढिगात जाऊन पडला. हर्षानं स्कूटी थांबवली. भंडाऱ्याच्या एका लॅबमध्ये ती रक्त तपासायची. कापूस, स्पिरिट जवळच होतं. तिनं त्याचं खरचटलेलं कोपर पुसलं.

“झोंबते?”

“झोंबत होतं... तुमी पाहून राहिल्या तं थांबलं.”

हर्षानं मान खाली घातली, पण हसू काही लपलं नाही.

त्याचं नाव अंकुश. गोसीखुर्दच्या धरणात गाव गेलं, त्यातल्याच एका लहान शेतकरी-मासेमाराचं हे पोर. लांब पल्ल्याच्या सायकल शर्यती तो जिंकायचा. राष्ट्रीय स्पर्धेत पदक मिळालं, तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी होती. त्याचे प्रशिक्षक धर्मेंद्र सर त्याला अधूनमधून रक्त तपासायला पाठवू लागले, आणि तो नेमका हर्षाच्याच लॅबमध्ये यायचा.

“शीर सापडत नाई म्हणून सांगा ना,” तो हळूच म्हणायचा. “तेवढंच बसता येते.”

“दोरीसारखी शीर आहे तुमची. खोटं कसं बोलू?”

“मंग चहाले चला. ते तं खरं हाय.”

वैनगंगेवर धुकं उतरलेलं असायचं. चहाच्या टपरीवर तो ग्रीसनं काळी झालेली बोटं तिच्यापासून लपवायचा, आणि ती मुद्दाम तिकडेच बघायची. ‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

मग एक दिवस त्याच्या रक्ताचे आकडे आले आणि हर्षा खुर्चीत ताठ बसली. हिमोग्लोबिन भलतंच चढलेलं, आणि नव्या, कोवळ्या तांबड्या पेशी जवळजवळ नाहीतच. बाहेरून हार्मोनचं इंजेक्शन दिलं की हाडांतली मज्जा भराभर रक्त तयार करते. ते बंद केलं की रक्त दाटच राहतं, पण नव्या पेशी येईनाशा होतात. हे ती शिकली होती. तरी तिनं मनाची समजूत घातली — मशीन चुकलं असेल. नमुना पुन्हा लावला. आकडे तेच.

संध्याकाळी अंकुश आला. आज तो हसला नाही.

“हर्षा... मले एक सलाईन लावून देशीन? स्पर्धेच्या जागी रक्त घेणार हायेत. सर म्हणतात, सलाईननं रक्त पातळ होते. आकडे खाली येतात.”

“म्हणजे... तू घेतलं?”

“सरांनी देल्लं. पयले म्हणाले, ताकदीचं हाय. मंग समजलं मले... तरी घेत गेलो.” त्याचा आवाज बसला. “बाबाचं शेत गेलं, गाव गेलं. माह्या पायांशिवाय आमच्या घरात काय हाय, सांग?”

“अन् तूच गेला तं? एवढं दाट रक्त घेऊन झोपतो तू! झोपेतच गाठ अडकते, हृदय बंद पडते... मी नाई लावत.”

“तुहा जीव नाई का माह्यावर?”

“हाय,” हर्षा म्हणाली. “म्हणूनच नाई लावत.”

प्रेमाची कबुली ती पहिल्यांदाच देत होती, आणि तीही अशी. अंकुश उठून गेला.

स्पर्धेच्या गावाहून बातमी आली. अंकुशनं रक्त देण्याआधीच तपासणीवाल्यांना सगळं सांगून टाकलं होतं, धर्मेंद्र सरांच्या नावासकट. सरांची चौकशी लागली. अंकुशवर बंदी आली. पदक गेलं, नोकरी गेली. पंचक्रोशीत ज्याचं कौतुक व्हायचं, त्याला लोक टाळू लागले. हर्षाचा फोनही तो उचलेना.

शेवटी ती स्वतःच पुनर्वसन वसाहतीतल्या त्याच्या घरी गेली. तो अंगणात बाबाचं फाटलं जाळं शिवत बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही.

“आता मी कोणीच नाई, हर्षा. कायले आली?”

“मले पदकवाला नव्हता पायजे, अंकुश. मले तू पायजे होता...” ती त्याच्यापाशी खाली बसली. “जिता.”

जाळ्यावरची त्याची बोटं थांबली. डोळे भरून आले. त्यानं ते पुसले नाहीत.

बाईचा आवाज ऐकून आतून त्याची माय, धुरपताबाई, ओरडली, “कोण आलं रे? पाव्हनी असन तं पाट टाक!”

अंकुशनं हर्षाकडे पाहिलं — विचारल्यासारखं. तिनं हलकेच मान डोलावली.

“पाव्हनी नाई, माय,” तो म्हणाला. “घरचीच हाय.”