धुक्यातली सोंड

"मामा, आता पुढं आणखी एक जागा आहे असं म्हणू नका हं!" प्रतीक्षा थांबली आणि खांद्यावरची तंबूची पिशवी तिनं धप्पकन खाली टाकली.

बब्रुवानमामांनी नुसता हात हलवला. बोलायलाही त्यांच्यात त्राण उरलं नव्हतं. धुकं इतकं दाट होतं, की चार हातांवर उभे असूनही ते शाईचा डाग पडल्यासारखे दिसत होते. तलाव डाव्या हाताला आहे, हे सकाळपासून फक्त पाण्याच्या चुबुक चुबुक आवाजावरून कळत होतं.

मामा सोलापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. दिवाळीच्या सुट्टीत शाळेतल्या मुलांचं निसर्ग शिबिर भरवायचं, तेही आपल्या तामलवाडीच्या बाजूच्या तलावाकाठी, असं त्यांनी मोठ्या उत्साहानं ठरवलं होतं. उद्या मुलांची बस येणार होती आणि तंबू ठोकायला जागाच ठरली नव्हती! म्हणून मदतीला घरची फौज निघाली होती. मामांची मुलगी अक्षदा, येडशीच्या मावशीचा मल्हार, आणि धाराशिवहून सुट्टीला आलेली प्रतीक्षा नि तिचा धाकटा भाऊ प्रेम. या सगळ्यांत प्रतीक्षा मोठी. त्यामुळे जड पिशवी तिची, पाण्याची कॅनही तिची, आणि "पाय दुखतात" म्हणून रडकुंडीला आलेला प्रेमही तिचाच!

"पहिली जागा काय वाईट होती?" प्रेम कुरकुरला.

"तिथं शेजारीच पाण्याची मोटर घरघरत होती. झोपला असतास का?" अक्षदा म्हणाली.

"मी आत्ता उभ्या उभ्या झोपेन!"

"आणि दुसऱ्या जागेला तर दगड नि कुसळं! हे बघ, माझा पायजमा आहे की साळिंदर!" मल्हारनं पाय वर करून दाखवला. सगळे हसले, पण हसूसुद्धा दमलेलंच निघालं.

तेवढ्यात धुक्यातून मोटारसायकलची फटफट ऐकू आली. पिवळा दिवा जवळ आला आणि एक जाडजूड गृहस्थ खाली उतरले. गळ्यात मफलर, डोक्याला टोपी.

"सर, तुमीच व्हय जागा हुडकणारे? मी महालिंगप्पा. माझं रान हाय हितं. चला की! गालिच्यावानी गवत हाय बघा!"

काठापासून जमिनीची एक लांब सोंड तलावात शिरली होती. सोंडेवर जाण्याआधी थोडा उतार होता, खोलगट, कोरडा, बारीक वाळूचा. महालिंगप्पांनी तिथंच गाडी लावली. तो उतार ओलांडून पलीकडं गेलं की खरंच हिरवंगार, सपाट गवत! एक दगड नाही, एक काटा नाही. तिन्ही बाजूंना पाणी आणि पाण्यावर तरंगणारं धुकं.

"पण पाणी वाढलं तर?" मामांनी विचारलं.

"वाढतंय कुठलं! ह्यो बघा सरकारी दगड." महालिंगप्पांनी सोंडेच्या कडेला उभ्या असलेल्या पांढऱ्या दगडावर थाप मारली. "तलाव गच्च भरला तरी पाणी ह्या दगडापतूर. पुढं येत न्हाय. आन् औंदा तर पाऊसच न्हाय झाला!"

मामांनी दगडाकडं पाहिलं, गवताकडं पाहिलं आणि सरळ गवतावर बसकण मारली. "ठरलं! हीच जागा! आता माझे पाय उचलत नाहीत."

"हुर्रे!" प्रेम ओरडला आणि आडवाच झाला.

मामा नि महालिंगप्पा सोंडेच्या टोकाकडं गेले. मल्हार नि अक्षदानं एक तंबू उभा करून बघायला घेतला. प्रतीक्षाला काहीच करायचं नव्हतं. तिला फक्त बसायचं होतं. ती त्या पांढऱ्या दगडावर जाऊन बसली आणि दगड हलला!

ती दचकून उठली. हळूच पुन्हा टेकली. दगड पुन्हा डुगडुगला, एक पाय तोकडा असलेल्या स्टुलासारखा.

सरकारी दगड असा हलतो का? रस्त्याकडेचे दगड तर कितीही ढकलले तरी हलत नाहीत. प्रतीक्षाच्या मनात हे आलं, आणि त्याच्या मागोमाग दुसरंही आलं : हे आता बोललं, तर पुन्हा उठावं लागेल. पुन्हा ती पिशवी, पुन्हा ते चालणं, पुन्हा प्रेमची कुरकुर. तिच्या टाचेला फोड आला होता. तो आता आतून ठसठसत होता. 'असेल हलत,' तिनं स्वतःला सांगितलं. 'जुना झाला असेल.' आणि ती गप्प बसली.

"ताई! खजिना!" प्रेम खुंटी ठोकता ठोकता ओरडला. त्याच्या तळहातावर मातीनं भरलेले छोटे छोटे शिंपले होते. "इथं खाली नुसते हेच आहेत!"

मल्हार गुडघ्यावर बसला. येडशीच्या रानात हिंडून त्याला माती उकरायची सवयच होती. त्यानं आणखी दोन ठिकाणी उकरलं. तिथंही शिंपले! "पाणी इथपर्यंत येत नाही म्हणाले ना ते काका? मग हे शिंपले काय चालत आले?"

तिघांनीही प्रतीक्षाकडं पाहिलं. ती सगळ्यांत मोठी होती. तिनं एक मोठा श्वास घेतला. उद्या याच गवतावर सोलापूरची मुलं झोपणार होती. प्रेमएवढी, काही प्रेमपेक्षा लहान.

"दगड हलतोय," ती म्हणाली. "मघाशीच हलला. मी बोलले नाही."

"का?"

"कंटाळा आला होता!"

चौघांनी मिळून दगड कलता केला. खाली गवत होतं! पिवळं पडलेलं, चपटं झालेलं, पण मुळाशी अजून ओलसर, जिवंत.

"वर्षानुवर्षं दगड इथं असता तर खाली गवत राहिलं असतं का?" अक्षदाचे डोळे विस्फारले. "हा कुणीतरी उचलून आणलाय!"

"मग आधी कुठं होता?"

"वर! काठावर! चला!"

चला! प्रतीक्षाला तो शब्दच नकोसा झाला होता. पण ती उठली. चौघं सोंडेवरून मागं फिरले. खोलगट उतारावर पाऊल टाकताच तिची चप्पल पचकली. मघाशी इथं कोरडी वाळू होती, आणि आता वाळूतून पाण्याचा एक चिंचोळा ओघळ चालला होता. काठावरच्या बाजूनं येत होता नि तलावात उतरत होता.

ओघळ ओलांडून ते चढावर गेले. काठावरच्या बाभळींमध्ये मल्हार पुढं होता. अचानक तो दिसेनासाच झाला!

"मल्हार!"

"इथं आहे! खड्ड्यात!" त्याचा आवाज आला. तो गुडघाभर खड्ड्यात उभा होता. खड्डा चौकोनी होता, वर काटक्या टाकून झाकलेला. कडेला सिमेंटचे तुकडे पडले होते आणि तुकड्यांवर पांढरा रंग होता. बाजूच्या बाभळीच्या फांदीत प्लॅस्टिकच्या चिंध्या नि वाळलेलं शेवाळ अडकलं होतं, अक्षदाच्या कमरेइतक्या उंचीवर.

"म्हणजे पाणी इथपर्यंत येतं," अक्षदा हळूच म्हणाली. "आणि ती सोंड तर अख्खी बुडते!" मग तिनं कपाळावर हात मारला. "अगं, परवा गावात भोंग्यावर सांगत होते! नदीवरच्या पंपांनी उपसलेलं पाणी ओढ्यानं तलावात सोडणार आहेत. तो खोलगट उतार म्हणजे ओढाच आहे!"

चौघंही धावत सोंडेवर परतले आणि एकदमच बोलायला लागले. मामांना दगड कळला, शिंपले कळले, खड्डा कळला, पण सगळं एकात एक मिसळून.

महालिंगप्पा खो खो हसले. "पोरांचं काय ऐकता सर! म्या जन्मलो हितं. ओढ्याला पाणी? ह्या दिवसांत?"

"पण मामा..."

"पुरे!" मामा एकदम चिडले. ते कधी चिडत नसत. "सकाळपासून दोन जागा तुम्हीच नको म्हणालात. मी आता एक पाऊल चालणार नाही!"

प्रेमचा ओठ थरथरला. प्रतीक्षाला मामांचा राग आला नाही. त्यांचे सुजलेले डोळे तिला दिसत होते. आपणही मघाशी असंच गप्प बसलो होतो, हेही तिला आठवत होतं. ओरडून उपयोग नव्हता. यांना डोळ्यांनीच दिसायला हवं होतं.

"बरं मामा, नाही चालायचं," ती शांतपणे म्हणाली. "आम्ही चहा करतो. काका, तुम्हीपण घ्या ना! आणि आम्हाला जरा सांगाल का, स्वयंपाकाचा तंबू कुठं बरा?"

महालिंगप्पा खूश झाले. मुलांनी काटक्या पेटवल्या. ओल्या काटक्या पेटायला वेळ लागला आणि मुलांनीही घाई केली नाही. अक्षदा प्रश्नांवर प्रश्न विचारत होती. "काका, झेंडा कुठं लावू? काका, वारा कुठून येतो? काका, खेळायला मैदान कुठं आखू?" महालिंगप्पा हातवारे करत सगळं रान फिरून दाखवत होते. मल्हार मात्र ओढ्याच्या कडेला बसून राहिला होता. पाणी किती चढतंय ते कळावं म्हणून त्यानं वाळूत एक काटकी रोवली होती.

चहा उकळला. घरून निघताना द्वारकामामीनं दिलेली भाकरी नि शेंगाचटणी निघाली. महालिंगप्पांनी दुसरा कप तोंडाला लावला, तोच मल्हार ओरडत आला.

"काटकी गेली! काका, तुमची गाडी!"

सगळे धावले. ओघळ कुठंच नव्हता! तिथं आता गढूळ पाण्याचा रुंद पट्टा वाहत होता आणि पट्ट्याच्या मधोमध महालिंगप्पांची मोटारसायकल अर्धी चाकं बुडवून उभी होती. बघता बघता ती तिरकी झाली आणि आडवी पडली.

"अरे देवा! माझी गाडी!" महालिंगप्पांच्या हातातला कप खाली पडला.

प्रतीक्षानं प्रेमला मागं ओढलं. गाडीची चाकं भिजतील, मोठ्यांना पटेल, एवढंच तिला हवं होतं. पाणी इतक्या वेगानं येईल, असं तिला वाटलं नव्हतं. पलीकडचा काठ धुक्यात दिसतही नव्हता!

"मामा, तंबूची दोरी!" ती ओरडली.

आता मामांचा थकवा कुठल्या कुठं पळाला. त्यांनी दोरीचं एक टोक सोंडेवरच्या झुडपाला बांधलं, दुसरं कमरेला गुंडाळलं आणि पाण्यात पाय टाकला. पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलं. पाऊल चाचपत ते धुक्यात नाहीसे झाले. दोरी सरकत राहिली. मग तिला झटका बसला नि ती ताठ झाली. "बांधली! या! दोरी सोडू नका!"

मल्हार गेला, मग अक्षदा. महालिंगप्पांनी प्रेमला खांद्यावर घेतलं. प्रतीक्षा सगळ्यांत शेवटी. थंड पाणी मांड्यांना ढकलत होतं, पायाखालची वाळू सरकत होती, हात दोरीवर सोलत होते. मधोमध आल्यावर ना मागचा काठ दिसत होता, ना पुढचा. क्षणभर तिला वाटलं, आता पाय उचलणारच नाही.

"प्रतीक्षा! इकडं! माझ्या आवाजाकडं ये!" मामा हाका मारत होते. ती आवाजाकडं चालत राहिली. मग एका हातानं तिचं मनगट घट्ट धरलं.

काठावर सगळे थरथरत बसले.

"उद्या इथं पोरं झोपली असती," मामा म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "महालिंगप्पा, दगड कुणी हलवला?"

महालिंगप्पांनी मफलर पिळला. मान वर केली नाही. "म्याच. सरकारी बुडीताची जमीन हाय ती. दगड खाली नेला म्हंजी आपलं रान म्हणून पेरता यील, वाटलं. पाणी यील असं ध्यानातच न्हाय आलं, सर. चुकलं माझं. मी सोताच्या हातानं जागेवर नेऊन बसवतो दगड."

"बसवाच. आणि ग्रामपंचायतीत मी स्वतः सांगणार आहे."

मग सगळे उठले, कारण जागा अजून ठरायचीच होती! पाय ओढत ओढत ते दुसऱ्या जागेवर परतले, त्याच दगडा-कुसळांच्या उतारावर. कुणीही कुरकुरलं नाही. दुपारभर दगड वेचले, बाभळीच्या फांद्यांनी कुसळं झाडली. महालिंगप्पाही घरून फावडं घेऊन आले आणि मान खाली घालून राबले.

दुसऱ्या दिवशी मुलं आणि बाकीचे तंबू घेऊन बस आली आणि शिबिर झोकात झालं. शेवटच्या सकाळी धुकं लवकर विरलं. मामांनी सगळ्यांना उतारावर उभं केलं आणि खाली बोट दाखवलं. जिथं सोंड होती, तिथं नुसतं पाणी चमकत होतं. एका झुडपाचा शेंडा तेवढा वर दिसत होता.

"त्या दिवशी मी दमलो होतो, म्हणून नीट बघितलं नाही," मामा सगळ्यांसमोर म्हणाले. "ही चौघंही दमली होती. पण यांनी बघितलं. आज आपण सगळे इथं आहोत ते यांच्यामुळं." गावातून आलेल्या सरपंचबाईंनी चौघांच्या पाठीवरून हात फिरवला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या थांबल्यावर प्रतीक्षा मामांजवळ गेली. "मामा, दगड हलल्यावर मी आधी गप्पच बसले होते. उठायचा कंटाळा आला होता."

मामांनी तिच्याकडं नीट पाहिलं. "पण गप्प राहिली नाहीस ना? मग झालं तर!"

एवढ्यात मल्हार, अक्षदा आणि प्रेम धावत आले. सोलापूरची सगळी मुलं मागच्या टेकडीवर निघाली होती. "चल ना ताई! वरून सगळा तलाव दिसतो म्हणे!"

"तुम्ही जा," प्रतीक्षा म्हणाली. ती तंबूत शिरली आणि तिनं डोक्यावरून चादर ओढून घेतली. "मी आज कुठंही जाणार नाही!"

"ताई!" प्रेम तिची चादर खेचायला लागला.

मामांनी त्याला अलगद उचललं आणि तंबूचा पडदा खाली सोडला. "श्शू! झोपू दे तिला."

ती कधीच झोपली होती.