बिंदूला कळ सापडेना

"आजोबा, हा माझ्या पोटावर बटण शोधतोय!" टेबलावर आडवी पडलेली शाल्मली खदाखदा हसत होती. आज ती पेशंट झाली होती आणि बिंदू नावाचा यंत्रमानव तिला तपासत होता. त्याने तिचं पोट चाचपलं, टेबलाखाली वाकून पाहिलं आणि अदबीने म्हणाला, "क्षमा करा डॉक्टर, कळ सापडत नाही."

डॉक्टर खळतकरांना मात्र हसू येईना. उभा जन्म त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलं होतं. आता गुडघ्यांनी संप पुकारला होता, म्हणून त्यांनी लिहिलेला धडा बिंदू दूर धडगावच्या विद्यार्थ्यांना शिकवणार होता. दुपारी परीक्षक बाई धडा पाहणार होत्या. बिंदू नापास झाला, तर आजोबांचं शिकवणं कायमचं बंद.

"गाढव आहे नुसता!" ते करवादले. "सरळ मराठीत लिहिलंय की, 'कळ कुठे आहे ते पाहा. तिथे शेवटी दाबा.'"

शाल्मली उठून बसली. "बिंदू, कळ म्हणजे काय रे?"

"यंत्राचं बटण. कळफलकावर (संगणकाच्या अक्षरांच्या पाटीवर) पुष्कळ कळा असतात."

आजोबांचा राग कुठल्या कुठे पळाला. "अस्सं होय! अगं, याने लाखो पानं वाचलीत, पण याचं पोट कधी दुखलेलं नाही. शब्दाचे दोन अर्थ असले, की तो संदर्भ (शब्दाचा शेजार) बघतो. आणि मी शेजारी काय लिहिलं? 'दाबा'!"

"मग तो बटणच शोधणार ना!"

"वर्गात मी तोंड वाकडं करून कळ दाखवायचो, पोरांना लगेच समजायचं. लिहिताना माझं तोंड तिथे नसतं, हेच विसरलो बघ."

त्यांनी कळफलक ओढला आणि एका बोटाने नव्याने लिहिलं: 'पोटात कुठे दुखते, ते रुग्णाला बोटाने दाखवायला सांगा. दुखरी जागा सर्वांत शेवटी, हलक्या हाताने तपासा. आधीच दुखवले, तर रुग्ण पोट आखडून धरतो.'

दुपारी परीक्षक बाई स्वतःच टेबलावर आडव्या झाल्या. "कुठे दुखतंय, बोटाने दाखवता का?" बिंदूने विचारलं. बाईंनी उजवीकडे बोट ठेवलं. बिंदूने डावीकडून, अगदी अलगद तपासायला सुरुवात केली. बाई म्हणाल्या, "पास!"

तेवढ्यात समोरच्या पडद्यावर, तिकडून धडा पाहणारी धडगावची एक विद्यार्थिनी दिसली. "सर, पेशंट तान्हं बाळ असेल, तर ते बोट कसं दाखवणार?"

बिंदूने मान वळवून आजोबांकडे पाहिलं. आजोबांचे डोळे लकाकले.

"शाल्मली, कळफलक आण. दुसरा धडा लिहायचाय!"