सत्त्याण्णव टक्के दीपगृह

शनिवारी चार वाजून बारा मिनिटांनी, माझ्या आईबाबांसमोर आणि मामाच्या अगदी नाकासमोर, त्यानं मला विचारलं आणि मी हो म्हटलं. झालं, संपली गोष्ट. आता हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही आणि मी लिहिलेलं नाही. तो कोण, मला माहीत नाही. आज गुरुवार आहे आणि मला शनिवार नकोय.

कारण मामा. मामाचा रबरी शिक्क्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक यंत्र आणि मामा. 'मंजूर', 'नामंजूर', 'मुदतवाढ' असे सगळे शिक्के तिथे जन्माला येतात. तिथली एक खुर्ची दोन वर्षांपासून माझ्यासाठी रिकामी होती. मामानं तिच्यासाठी उशीसुद्धा शिवून घेतली होती. उशी शिवून झाल्यावर माणूस सुटत नाही.

"शनिवारी चारला मामा येतोय," बाबा म्हणाले. "तोवर तुझं तू काही ठरव. नाहीतर सोमवारपासून खुर्ची."

"पण मला शिक्के आवडत नाहीत."

"आवडायचे कशाला?" मामा बाबांच्या हातातल्या फोनवरून म्हणाला. "मारायचे असतात."

म्हणून मी इंटरनेटवरच्या फुकट चाचण्यांना शरण गेले. 'तुमच्यासाठी योग्य काम कोणतं?' पहिलीनं सांगितलं, न्यायाधीश. दुसरीनं सांगितलं, मधमाशीपालन. तिसरी म्हणाली, 'तुमच्यात अनेक शक्यता दडलेल्या आहेत.' हेच वाक्य माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकात होतं, आणि ते वाचून बाबा त्या दिवशी जेवले नव्हते.

उरली चौथी. एकशेचाळीस प्रश्न, फोनवर उघडत नाही, आणि वाचनालयाच्या खात्यावरून महिन्याला एकच निकाल फुकट. वाचनालयात संगणकावर बसायला माणशी अर्धा तास. तो संपला की टेबलावरची पितळी घंटा वाजते. वाजवणाऱ्या बाईंना सगळं गाव घंटाबाई म्हणतं, त्यांचा नवरासुद्धा.

गुरुवारी मी तीन नंबरच्या संगणकावर सत्तराव्या प्रश्नापर्यंत पोचले आणि... टण्ण!

"घंटाबाई, एकच मिनिट..."

"मिनिटं माझ्याकडे नसतात. घंटा असते. ऊठ."

पडद्यावर अक्षरं आली, 'काळजी नसावी. तुमची उत्तरं जपून ठेवली आहेत. उद्या पुढे चालू करा.' मी काळजी सोडली. तिथेच चुकलं.

शुक्रवारी दुपारी धावत पोचले तर तीन नंबरवर लिहिलं होतं, 'अभिनंदन! चाचणी पूर्ण. निकाल छापायला पाठवला आहे.'

पूर्ण? कुणी केली?

कोपऱ्यातला प्रिंटर दुखणाईतासारखा कण्हत होता. त्याच्यासमोर एक तरुण उभा होता. खिशात काच पुसायचं मऊ कापड, एका हातात अर्धा बाहेर आलेला कागद...

"तो माझा कागद आहे," मी म्हटलं.

"असेल. पण सध्या प्रिंटरचा आहे," तो म्हणाला. "सोडतच नाहीये."

"माझा म्हणजे माझा निकाल आहे!"

"माझा आहे हो. आत्ताच उत्तरं दिलीत मी. परवा दहाच झाली होती, आज बघतो तर सत्तर झालेली. म्हटलं, चांगली सोय आहे."

"परवा तुम्ही याच संगणकावर होता?"

तो थांबला. त्यानं आधी तीन नंबरकडे पाहिलं, मग पाचकडे... आणि मग माझ्याकडे, जरा जास्तच वेळ.

"बहुतेक... पाचवर."

म्हणजे अर्धी उत्तरं माझी आणि अर्धी एका अनोळखी माणसाची. महिन्याचा एकमेव निकाल! शनिवारला एक दिवस! मला रडू यायला हवं होतं, पण प्रिंटर कण्हत होता आणि ते मला सहन होईना. मी बाजूचं झाकण उघडलं, दोन कळा दाबल्या, रुळात गुंडाळलेला कागदाचा कपटा हळूच फिरवून काढला. बोटं काळी झाली. प्रिंटरनं सुस्कारा टाकला आणि दोन पानं बाहेर सरकवली.

"तीन महिने दुरुस्तीवाला 'आज येतो, उद्या येतो' करतोय," घंटाबाई लांबून म्हणाल्या. त्यांनी घंटेवरचा हात काढला. असं कधी झालं नव्हतं.

आम्ही दोघं वाकून वाचायला लागलो. 'तुमच्यासाठी योग्य काम: दीपगृहाचा रखवालदार. जुळणी: सत्त्याण्णव टक्के.'

आमच्या गावापासून समुद्र दोन दिवसांच्या प्रवासावर आहे.

"मला स्वतंत्रपणे कधी चाळीसच्या वर मिळाले नाहीत," तो म्हणाला.

"मलाही नाहीत."

"म्हणजे आपण दोघं मिळून..." तो थांबला. त्याचे कान लाल झाले. "...दीपगृह."

तो चौकातल्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. मालक म्हातारे झाले, दुकान आवरणार होते. याला दुसऱ्या शहरात काचांच्या कारखान्यात काम मिळालं होतं. शनिवारी साडेचारची बस. जावं की नाही, एवढंच विचारायला तो चाचणीकडे आला होता.

"दिवसभर लोकांना विचारतो, ही काच बरी की ती?" तो म्हणाला. "स्वतःला विचारलं की दोन्ही धूसर."

"मग मीही धूसरच."

"तुम्ही? सत्तर प्रश्नांत एकदाही 'सांगता येत नाही'वर खूण नाही केलीत. 'बंद पडलेली वस्तू उघडून बघता का?' 'नेहमी'. 'कुणी नको म्हटलं तरी?' 'नेहमी'. मी ते वाचत बसलो होतो. माझीच उत्तरं समजून... म्हटलं, मी इतका धीट कधी झालो?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं खिशातलं कापड काढून माझ्यापुढे धरलं, काळ्या बोटांसाठी. मी घेतलं. बोटांना बोटं... टण्ण!

"वेळ संपली!" घंटाबाई गरजल्या.

गडबडीत एक पान त्यानं उचललं, एक मी. घरी जाऊन बघते तर माझ्या हातात त्याचं पान, त्याच्या सत्तर उत्तरांवरचं. आणि त्याचं कापड.

शनिवार. चार. मामा आला तो उशी काखेत घेऊनच.

"हं, वाच," बाबा म्हणाले.

मी पान उघडलं. "'तुम्ही पहाटे आपणहून उठता.'"

"कोण, ही?" आई म्हणाली.

"'तुम्हाला उंचीची भीती वाटत नाही.'"

"स्टुलावर चढली की देवाचं नाव घेते ती," बाबा म्हणाले. "कुणाचा निकाल आहे हा?"

मामानं उशी आमच्या एका खुर्चीवर ठेवली आणि दोनदा थोपटली. चार वाजून आठ मिनिटं. साडेचारची बस... चौकातून स्टँड वीस मिनिटं... म्हणजे तो निघालाच असणार.

दाराची बेल वाजली.

दारात तो. खांद्याला बॅग, हातात माझं पान, कपाळावर घाम.

"पत्ता कुठून मिळाला?" मी कुजबुजले.

"घंटाबाईंनी दिला नाही. पण सभासदांची वही उघडी टाकून पाणी प्यायला गेल्या... दहा मिनिटं." मग तो आत सगळ्यांकडे वळला. "नमस्कार. हिचा अर्धा निकाल माझ्याकडे राहिला होता."

"आणि तू कोण?" मामानं विचारलं.

"उरलेला अर्धा."

मी त्याच्याकडे पाहिलं आणि एकदम सगळं स्वच्छ दिसायला लागलं.

"मामा, मी खुर्चीवर बसणार नाही," मी म्हणाले. "मी प्रिंटर दुरुस्त करायला शिकणार. काल एक केला. चाचणीनं नाही सांगितलं, माझं मीच ठरवलं."

"शिकवणार कोण?" बाबांचा आवाज चढला.

"तीन महिने 'उद्या येतो' म्हणणारा. त्याला माणूस कमी आहे, म्हणून तो येत नाही. सोमवारी जाऊन त्याच्या दारात बसते."

मामानं माझं पान घेतलं, हात लांब करून वाचलं, आणखी लांब केलं.

"मामासाहेब, तुमचा नंबर वाढलाय," तो नकळत म्हणाला.

"गप रे. तुझी बस किती वाजता?"

"साडेचार." त्यानं खिशातून तिकीट काढलं. एका हातात तिकीट, दुसऱ्या हातात काहीच नाही, नुसता उघडा तळवा. दोन्ही माझ्यापुढे धरले. "सांग... हे बरं, की हे?"

घड्याळात चार बारा.

"हे," मी म्हटलं, आणि रिकाम्या तळव्यावर त्याचं कापड ठेवलं. हात मात्र काढला नाही. "हो."

आई मटकन बसली. नेमकी उशीवर.

मामानं खिशातून एक शिक्का काढला, त्यावर हाss करून फुंकर मारली आणि माझ्या पानावर दाबला. 'मुदतवाढ.' खाली पेनानं लिहिलं, 'एक महिना.' बाबांनी विचारलं, मुदत नक्की कशाला, नोकरीला की याला? मामा म्हणाला, शिक्क्यात तेवढी जागा नव्हती.

बस वेळेवर गेली, त्याच्याशिवाय. मी सोमवारी दुरुस्तीवाल्याच्या दारात बसले. मामाच्या नव्या चष्म्याचं माप त्यानंच घेतलं, आणि मामानं दोन्ही काचा बऱ्या आहेत असं सांगून त्याला तासभर छळलं. रात्री आम्ही दोघांनी मिळून चाचणीवाल्यांना एक पत्र लिहिलं. 'या पत्त्यावर उत्तर मिळत नाही' असं त्यांच्या पत्त्यातच लिहिलंय, तरी पाठवलं.

प्रति, मा. व्यवस्थापक, मोफत व्यवसाय-निवड चाचणी विभाग.
विषय: दीपगृह मिळण्याबाबत.
महोदय, उपरोक्त निकालात उमेदवारांची संख्या 'एक' अशी दाखवली आहे, ती दुरुस्त करून 'दोन' करण्यात यावी. तसेच सत्त्याण्णव टक्के जुळणीस अनुसरून आम्हां उभयतांस एक दीपगृह त्वरित मंजूर करावे, आणि आमच्या गावी समुद्र नसल्याने तोही सोबत पाठवावा. जिने कमी असल्यास बरे, अर्जदारांपैकी एकीस उंचीची भीती आहे. उरलेल्या तीन टक्क्यांबाबत आमची तक्रार नाही. त्यांचे आम्ही आपसांत भांडून बघू. कळावे.