लग्नाचा बार

ऊर्मिला वोल्फ्सबुर्गहून गाडीत बसली तेव्हा तिच्या बॅगेत धाकट्या भावाच्या लग्नाचं निम्मं सामान होतं. मुंडावळ्या, हळकुंडं, सुपाऱ्या, आणि आईने पुण्याहून आधीच पाठवलेला अंतरपाट, पांढऱ्या रेशमावर कुंकवाचं स्वस्तिक रेखलेला. त्या सगळ्याच्या खाली स्प्रेचे दोन डबे होते, एक लाल, एक पांढरा. ऊर्मिलाचं कामच ते. मोटारींच्या कारखान्यात ती लोखंडातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा शोधायची. लाल रंग फवारायचा, पुसायचा, वर पांढरा मारायचा. चीर असली तर तिच्यात मुरलेला लाल रंग केसाएवढ्या रेघेने वर येतो. हे डबे रुपेशने मुद्दाम आणायला सांगितले होते.

"एक जुनं पिस्तूल बघायचंय, ताई," तो फोनवर म्हणाला होता. "आपल्याकडे नुसतं म्हणतात, लग्नाचा बार उडवला. इथे खरंच उडवतात."

रुपेश रेगेन्सबर्गला पीएचडी करत होता आणि तिथल्याच तेरेझाशी त्याचं लग्न शनिवारी होतं, तिच्या आजोबांच्या, हेर (म्हणजे श्रीयुत) ब्रांडल यांच्या शेतघरी. सकाळी गावच्या चर्चमध्ये, दुपारी कोठारात आपल्या पद्धतीने. ऊर्मिला करवली. हौस तिला इतकी की दोन दिवस आधीच, गुरुवारी ती तिथे हजर झाली.

नोव्हेंबर होता. डोनाऊ नदीवरून उठलेलं धुकं दुपारी बारालाही हललं नव्हतं. घर कसं आहे ते दाराशी जाईपर्यंत तिला दिसलंच नाही, पण आतला केकचा वास फाटकापर्यंत येत होता. तेरेझाने "ताई" म्हणत मिठी मारली. एक्याऐंशी वर्षांच्या हेर ब्रांडलनी तिची बॅग उचलायचा हट्ट धरला आणि पहिल्या पायरीवरच तो सोडला. सगळे हसले. हसायला त्या घरात त्या दिवसांत कारण लागत नव्हतं.

जेवणानंतर म्हाताऱ्यांनी बैठकीच्या खोलीतल्या कपाटातून पिस्तूल काढलं. दीडशे-पावणेदोनशे वर्षांचं, ठासणीचं, अक्रोडाच्या मुठीचं. वराने उंबऱ्यावरून त्याचा एक बार काढायचा आणि मगच वधूने बाहेर पाऊल टाकायचं, अशी या घरची रीत होती. शेवटचा बार म्हाताऱ्यांच्या आईवडिलांच्या लग्नात उडाला. त्यांच्या स्वतःच्या लग्नात वडिलांनी नळी जुनी झाली म्हणून उडवू दिला नाही. त्यांची बायको रोझा जन्मभर थट्टेत ऐकवायची, की मला या घरात गुपचूप आणलंत, जगाला सांगितलंच नाहीत. रोझा जाऊन चार वर्षं झाली होती. गावच्या नेमबाजी मंडळाचे ते जुने अध्यक्ष. बंदुकीच्या दारूचा परवाना त्यांच्याकडे होता, कचेरीची परवानगीही आणली होती. फक्त नळीचा भरवसा नव्हता. संग्रहालयातल्या एका माणसाने तर बजावलं होतं, की अशी वस्तू आता मिळत नाही, काचेत ठेवा, उडवायचा वेडेपणा करू नका.

ऊर्मिलाने आधी नळीत लाकडी गज घातला, तोंडाशी खूण केली आणि बाहेरून नळीला लावून पाहिला. गज तीन बोटं कमी पडत होता.

"हे भरलेलं आहे," ती म्हणाली.

हेर ब्रांडलचा विश्वास बसेना. उन्हाळ्यात त्यांनी स्वतः ते साफ केलं होतं, आणि किल्ली त्यांच्याचकडे असायची. पेचाच्या सळईने त्यांनी आतला बोळा हळूच ओढून काढला. गोळी नव्हती, नुसती काळी दारू होती, कोरडी, कालच ठासल्यासारखी. बोळा निळ्या सुती कापडाचा होता. तो बोटांत धरून म्हातारे उठले, स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. दारामागे रोझाचा निळा ॲप्रन अजून टांगलेला होता. त्याचा एक कोपरा चौकोनी कापलेला होता.

कुणीतरी चेष्टा केली असेल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. नळी रिकामी झाल्यावर ऊर्मिलाने स्प्रे मारले. पांढऱ्या थरावर, मुठीजवळ, एक लाल रेघ सावकाश उमटली. ती बघून रुपेशचा चेहरा उतरला. हातात धरून हे उडवायचं नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं. पिस्तूल कपाटात गेलं आणि किल्ली तिने स्वतःच्या खिशात ठेवली.

शुक्रवारी दुपारी रुपेश आणि तेरेझा आईबाबांना आणायला म्युनिकच्या विमानतळावर गेले. हेर ब्रांडल वर झोपले होते. एक ते तीन ही तिथली शांततेची वेळ. गावात कुणी खिळासुद्धा ठोकत नाही. ऊर्मिला बैठकीच्या खोलीत मुंडावळ्यांचे गुंते सोडवत बसली होती. खिडक्यांबाहेर सगळं पांढरं होतं. घड्याळाचा आवाज थांबल्यासारखा वाटला, आणि मग तिला आवाज आला... ठप्. ठप्. ठप्. खलबत्त्यात सुंठ कुटावी तसा, पण दबलेला. कपाटाच्या आतून.

ती जागची हलली नाही. आवाज थांबला. खोलीत नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यांचा ऊबदार वास पसरला, आणि त्याच्या पाठोपाठ गंधकाचा.

तिने खिशातली किल्ली काढून कपाट उघडलं. आत पिस्तूल होतं तिथेच होतं. गज घातला. तीन बोटं कमी. सळईने बोळा ओढला तर हातात आलं पांढरं रेशीम, वर कुंकवाचा डाग. ती जिना चढून आपल्या खोलीत धावली. बॅगेला कुलूप होतं. आत अंतरपाटाची घडी तशीच होती, पण एका कोपऱ्याचा चौकोन गेला होता. आणि कापलेली कड कुणीतरी दुमडून, निळ्या दोऱ्याने, बारीक टाक्यांत शिवून ठेवली होती.

तिने हेर ब्रांडलना उठवलं. त्यांनी चष्मा लावून टाके पाहिले, त्यांवरून बोट फिरवलं आणि पलंगावर बसले.

"असे टाके रोझाच घालायची..." ते हलकेच म्हणाले. "ती थांबलीय, बघ."

ऊर्मिलाला भीती वाटत होती, नाही असं नाही. पण ते टाके ती पुन्हा पुन्हा बघत होती ते भीतीने नव्हे. कापून तसंच टाकलं नव्हतं. लग्नाची वस्तू म्हणून कुणीतरी ती सांभाळली होती. म्हातारे म्हणाले, की तू नाही म्हणालीस तर मी पिस्तूल काचेत ठेवीन, आणि पुन्हा विषय काढणार नाही. ती लाल रेघ तिने डोळ्यांपुढे आणली. नळी फुटली तर लग्नाच्या सकाळी या माणसाच्या घरात पिढ्यानपिढ्या जपलेली वस्तू तुकडे होऊन पडणार होती. आणि न उडवावं, तर या घरातली आणखी एक नवरी गुपचूप जाणार होती.

"उडवायचं," ती म्हणाली. "पण रुपेशच्या हातून नाही. ओंडक्याला बांधून. दोरीने."

शनिवारी सकाळी अंगणात लाकडं फोडायच्या ओंडक्यावर पिस्तूल पट्ट्यांनी आवळलं गेलं. आतली दारू त्यांनी काढून टाकली होती. हेर ब्रांडलनी स्वतःची दारू नेहमीच्या निम्मी मोजून भरली, वर तोच रेशमी बोळा ठासला, ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवली, घोडा ओढला. चापाला बांधलेली दोरी गोठ्याच्या दगडी भिंतीमागे आणली. भिंतीमागे ऊर्मिला आणि रुपेश, दुसऱ्या टोकाला, वीसेक पावलांवर, आईबाबांना घेऊन म्हातारे. तेरेझा घरात, दाराच्या आड, पांढऱ्या पोशाखात.

भावा-बहिणीने मिळून दोरी ओढली. टोपी फटकन वाजली. पुढे काहीच नाही.

धुकं तसंच होतं. बाबा खोकले. रुपेश वैतागून उठला, ओंडक्याकडे जायला वळला, आणि ऊर्मिलाच्या कानाशी कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "वार्ट..." थांब. बाईचा, म्हातारा आवाज. मागे कुणीच नव्हतं. तिने विचार केला नाही. रुपेशच्या शेरवानीचा गळा धरून त्याला खाली खेचलं.

बार उडाला.

धुकं हादरलं. सगळ्या गावातली कुत्री भुंकायला लागली, छपरावरचे कावळे उडाले आणि पांढऱ्यात पांढरा धूर मिसळत गेला. रुपेश जमिनीवर बसून तिच्याकडे बघत राहिला, मग दोघं मोठ्याने हसायला लागले. नळी शाबूत होती. दार उघडून तेरेझा बाहेर आली. हेर ब्रांडल टोपी काढून, कुणालाच उद्देशून नाही असं, धुक्याकडे बघत म्हणाले, "आता सांगितलं बरं का सगळ्यांना." आईला जर्मन येत नव्हतं, तरी तिने डोळे पुसले.

त्या दिवशी काय मजा झाली ते विचारू नका. चर्चमधल्या घंटा झाल्या, कोठारात मंगलाष्टका झाल्या, "वाजंत्री वाजवा" म्हटल्यावर गावच्या बँडने जे काही वाजवलं त्यावर बाबासुद्धा नाचले. निळ्या टाक्यांचा अंतरपाट दूर झाला तेव्हा तेरेझाने रुपेशच्या आधीच हार घातला.

संध्याकाळी, पाहुणे पांगल्यावर, हेर ब्रांडलनी एक जाड वही आणली. घरातल्या प्रत्येक बाराची तिच्यात नोंद असे: तारीख, वधू, आणि बार कुणी काढला. ही वही घराबाहेरच्या कुणी कधी पाहिलेली नव्हती. त्यांनी नव्या पानावर आजची तारीख लिहिली, तेरेझाचं नाव लिहिलं आणि शेवटच्या रकान्यात सही करायला वही ऊर्मिलाकडे सरकवली.

ती सही करून थांबली. खालच्या ओळीतही काहीतरी लिहिलेलं होतं. सोळा नोव्हेंबर, दोन हजार बावन्न. पुढे देवनागरीत, एकच नाव. ओवी.

"ताई, हे कुठून...?" रुपेशचा आवाज बसला. "हे नाव आम्ही दोघांनी ठरवलंय. मुलगी झाली तर. कुणालाच सांगितलं नाहीये."

तेरेझाने त्याचा हात घट्ट धरला. तिला हसू येत होतं आणि अंगावर काटाही.

ऊर्मिला शेवटच्या रकान्याकडे बघत होती. तिथे तिचीच सही होती, तिच्याच वळणाची. फक्त अक्षर थोडं कापरं होतं, म्हाताऱ्या हाताचं असावं तसं. आणि वरच्या ओळीतली तिची शाई अजून ओली चमकत असताना, ती खालची मात्र फिकी, तपकिरी झालेली होती.